काळ्या मोत्याची तक्रार

३ सप्टेंबर, सिडनी

निघालो एकदाचे. चारला सुटायचं ते जहाज साडेपाचला सुटलं, आणि कारण विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

केबिनमध्ये शिरले तर उशीवर कंपनीचा लिफाफा. ‘प्रिय ग्लेनिस, हार्दिक अभिनंदन! आपण आता एकट्या प्रवास करत असल्याने प्रत्येक रात्रीचे आपल्याला दुप्पट गुण मिळतील.’

अभिनंदन म्हणे! डेसला जाऊन सात महिने झाले, आणि हे मेले माझं अभिनंदन करताहेत. दोघांचं भाडं एकटीने भरायचं म्हणून गुण दुप्पट. डेसचे स्वतःचे मात्र सगळे त्याच्याबरोबरच गेले. ते बायकोच्या नावावर करता येतील का, असं मी मार्चमध्ये फोनवर विचारलं होतं. पलीकडची पोरगी म्हणाली, ‘निष्ठा ही वैयक्तिक असते, मॅडम.’ मी फोन आपटला.

हिशेबाने चौथ्या रात्री मी कंपनीची ‘काळा मोती’ प्रवासी होणार. त्याच्यावर पातळीच नाही. बारा वर्षं झटले मी त्यासाठी. डेस असता तर अजून दोन वर्षं लागली असती. हे लिहिलं आणि वाचलं आणि आता माझं डोकं आणखी फिरलंय.

एक गोष्ट बरी, बॅग हलकी होती. डेसची बॅग म्हणजे लोखंडाचं दुकान. पट्टे, फिल्टर, पाने, स्क्रू. न्यूकॅसलला गॅरेज बंद करून दहा वर्षं झाली तरी सवय जाईना. ‘सुट्टीवर निघालायस की कामावर?’ असं मी दर खेपेला विचारायचे. तो आपला हसायचा.

५ सप्टेंबर, समुद्रात

सकाळी दहाला नेहमीप्रमाणे कॉफीच्या काउंटरजवळच्या गोल टेबलावर बसले. पहिल्यांदा आलेली माणसं लगेच ओळखू येतात. लिफ्टपाशी नकाशा उलटा धरून उभी असतात. अशी सहा-सात जणं गोळा झाली. मी हे फुकट करते, कोणी सांगितलेलं नाही. पण कोणीतरी करायला हवं ना?

कपडे धुवायची फुकट पिशवी मिळते, तीत मोजे सुरळी करून कोंबा, शर्ट वरून. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर जेवायला जाऊ नका, तिथे झुंबड असते. खालचा हॉल ओस पडलेला असतो. जिथे लहान होडीने किनाऱ्यावर जावं लागतं तिथे वरच्या पातळीवाल्याशी मैत्री करा, तो रांग सोडून पुढे जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जहाजाची सहल घेऊ नका. पोर्ट विलाला फाटकापाशी माझा माणूस असतो, कालमेट. जहाजवाले घेतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात आपल्या मिनीबसमधून अख्खं बेट फिरवून आणतो. अकरा वर्षांत त्याने मला एक पैसा वाढवून मागितला नाही. याला म्हणतात निष्ठा.

बर्नाडेट नावाची एक बाई होती, बॅलरॅटची, निवृत्त नर्स. माझ्या शेजारच्याच केबिनमध्ये आहे. तिने विचारलं, ‘पण वाटेत गाडी बिघडली तर?’

‘जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो तर थांबत नाही. म्हणून साडेचारची वेळ असेल तर अडीचला धक्क्यावर हजर राहायचं. जे राहत नाहीत ते धावतात.’

सगळे हसले. धावणाऱ्यांची मजा त्यांनीही ऐकली होती. सुटायच्या वेळी नवव्या डेकवर आम्ही जुनी मंडळी कठड्याला टेकून उभी राहतो. खाली धक्क्यावर कोणीतरी उशिरा आलेला धापा टाकत पळत असतो, हातात पिशव्या, डोक्यावर गवताची टोपी. आम्ही टाळ्या वाजवतो. ‘पळ पळ, बायको गेली सोडून!’ एकदा एकाची चप्पल निघाली तेव्हा मी हसून हसून बसलेच होते. डेसला ते आवडायचं नाही. तो आत निघून जायचा. काही माणसांना कशातच गंमत वाटत नाही.

अकराला ॲलिस्टेअर आला. जुन्या प्रवाशांची सरबराई बघणारा अधिकारी, दात नवे, सूट नवा. ‘मॅडम, सहलींबद्दल सल्ला द्यायला आमचं काउंटर आहे.’ मी म्हटलं, ‘तुमचं काउंटर विकतं. सल्ला मी देते.’ गेला निमूट.

विलासाठी नऊ जणं पक्की झाली.

७ सप्टेंबर, नुमेआ

काळा मोती झाले. कॅप्टनने सगळ्यांसमोर हात मिळवला, छातीवर बिल्ला लावला, फोटो काढला. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवून मी उभी होते. फोटोवाला म्हणाला, ‘मॅडम, जरा मध्ये सरका.’ सरकले.

अशाच समारंभाला डेस काळ्या नखांनी यायचा. विलाहून परत आलो की हमखास. कॅप्टनशी हात मिळवायचा आणि नखांत ग्रीस! मी ब्रश घेऊन घासायचे आणि वर बडबडायचे. बेटावर उतरल्यावर आम्ही बाकीचे समुद्रकिनारी जायचो, धबधब्यावर जायचो, हा मात्र गाडीपाशी थांबायचा. ‘मला इथेच बरं वाटतं.’ अकरा वर्षं धबधबा बघितला नाही त्या माणसाने.

९ सप्टेंबर, पोर्ट विला

 संतापाने झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय.

सकाळी साडेआठला नऊ जणांना घेऊन फाटकाशी गेले. कालमेट होताच, फुलांचा शर्ट, गळ्यात फाटकाच्या आत यायचा बिल्ला. मला बघून हसला आणि माझ्या मागे बघायला लागला. बघतच राहिला.

‘पापा डेस?’

‘आला नाही,’ मी म्हटलं. त्या गर्दीत, नऊ परकी माणसं ऐकत असताना, आणखी काय सांगायचं? आणि का सांगायचं?

‘बरा आहे ना?’

‘आला नाही म्हटलं ना.’

‘म्हणजे पुढच्या खेपेला येईल.’

‘चल, उशीर होतोय.’

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, ‘मिसेस ग्लेनिस, आज अख्खं बेट नको. खालच्या रस्त्याने धबधब्यापर्यंत नेतो. गाडीला आज चढ नको.’

मला इतका राग आला! मी या माणसांना शब्द दिला होता. त्यांच्यासमोर माझं नाक कापायला निघाला. मी म्हटलं, ‘अकरा वर्षं मी तुला गिऱ्हाईक आणतेय. दर खेपेला गाडी भरून. आणि आज मी एकटी आले तर तू मला अर्ध्या बेटावर भागवतोस?’

‘तसं नाही, मिसेस.’

‘मग कसं?’

त्याने दार उघडलं. बर्नाडेट पुढे त्याच्या शेजारी बसली, डेसच्या जागेवर. तेही मला खुपलं, पण तिला गुडघ्याचा त्रास आहे.

अख्खं बेट फिरून दुपारी दीड वाजता परतताना टेकडीच्या चढावर गाडी बसली. पुढून पांढरी वाफ, खालून पाणी. कालमेट उतरला, झाकण उघडून आत वाकला. बर्नाडेट उतरून त्याला पाणी आणून देत होती. मी झाडाखाली उभी राहून घड्याळ बघत होते. दोन. अडीच. माझी माणसं माझ्याकडे बघायला लागली. तीन. एकाने विचारलंच, ‘तुम्ही तर म्हणाला होतात अडीचला धक्क्यावर?’

मी कालमेटला म्हटलं, ‘गाडी धड ठेवता येत नाही तर धंदा कशाला करतोस?’

तो वाकलेलाच होता. हात पुसत म्हणाला, ‘पंप गेलाय, मिसेस. मी वाट बघत होतो.’

‘कशाची? देव येऊन दुरुस्त करेल याची?’

तो पुन्हा आत वाकला. चारच्या सुमाराला कोणाचा तरी ओल्या नारळांनी भरलेला ट्रक आला, त्याने हात करून थांबवला, नारळ रस्त्याच्या कडेला उतरवले आणि आम्हाला मागे चढवलं. मी, काळा मोती, वयाच्या बहात्तराव्या वर्षी ट्रकच्या फळीला धरून!

धक्क्यावर पोचलो तेव्हा पावणेपाच. शिडी अजून लावलेली होती, पण दोर सोडायला माणसं उभी होती. धावलो. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. नववा डेक. अख्खा भरलेला. टाळ्या. ‘पळ, आजीबाई, पळ!’ ओळखीचे चेहरे होते त्यात. एकजण फोन रोखून उभा होता. भोंगा वाजला तसे ते आणखी ओरडले.

कालमेट ट्रकपाशी उभा राहून ओरडत होता, ‘पापा डेसला सांगा!’ काय सांगा ते भोंग्यात बुडालं. मला ऐकायचंही नव्हतं.

१० सप्टेंबर, समुद्रात

नाश्त्याला गेले तर तीन टेबलांवर माझाच व्हिडिओ. परत केबिनमध्ये आले आणि तक्रार लिहून काढली. दोन पानं. गाडी धोकादायक, बिघाड लपवून ठेवला, वयस्कर प्रवाशांचा जीव धोक्यात. अशा माणसाला फाटकाच्या आत येऊ देणं ही जहाज कंपनीची बेपर्वाई.

चढ नको म्हणाला होता ते लिहिलं नाही. त्याने नीट कारण कुठे सांगितलं होतं?

ॲलिस्टेअरच्या हातात दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली. ‘काळ्या मोत्यांची तक्रार चोवीस तासांत मार्गी लागते, मॅडम.’

११ सप्टेंबर

लागली. विलाच्या धक्क्यावरच्या मंडळींना कंपनीने कळवलं, त्यांनी कालमेटचा बिल्ला काढून घेतला. दुपारी केबिनमध्ये चॉकलेटचा डबा आणि चिठ्ठी: ‘आपल्या निष्ठेबद्दल आभार.’

बारा वर्षांत पहिल्यांदा माझं कोणी ऐकलं. फार बरं वाटायला हवं होतं. चॉकलेटं बरी आहेत.

१२ सप्टेंबर, समुद्रात

बर्नाडेटने आज मला चहाच्या टेबलावर भाजून काढलं.

मी तिला बिल्ल्याचं सांगितलं. म्हटलं, तुझाही जीव धोक्यात होता. ती कप खाली ठेवून म्हणाली, ‘त्या पंपासाठी तू त्याचा बिल्ला घालवलास?’

‘मग? गाडी कोणाची?’

‘अगं, पण पंप तर तुझा नवरा आणणार होता ना!’

मला काही कळेना. ती म्हणाली, ‘तुला माहीत असेल असं मला वाटलं. तो सांगत होता रस्त्यावर. पापा डेस दर खेपेला सुटे भाग घेऊन यायचा. तुम्ही सगळे किनाऱ्यावर गेलात की दोघं गाडी उघडून बसायचे. ब्रेक, पट्टे, सगळं त्याने घातलंय. मागच्या खेपेला पंप गळताना दिसला तेव्हा म्हणाला होता, आता चालव, पुढच्या वेळी नवा आणतो, तोवर चढावर नेऊ नकोस. म्हणून तर तो सकाळी नको म्हणत होता. तुला ज्या भाड्यात फिरवतो ना तो, त्यात त्याचं पेट्रोलही सुटत नाही, ग्लेनिस. बाकीचं डेस हाताने फेडत होता.’

मी म्हटलं, ‘खोटं आहे.’

‘त्याला मी विचारलं, मग डेस का नाही आला? तो म्हणाला, मिसेस सांगत नाहीत. मीही गप्प बसले. मला वाटलं, ते तुझं तू सांगशील.’ मग ती उठली. ‘तो माणूस अजून वाट बघतोय, ग्लेनिस. आणि तू त्याला फाटकाबाहेर काढलंस.’

मेली, माझ्याच टेबलावर मला शिकवते. मी तिच्याशी बोलणार नाही.

पण मग डेसचाच राग आला, असा की उशी भिंतीवर फेकली. अकरा वर्षं! मी लोकांना सांगत सुटले की मी भाव पाडते, माझ्या शब्दाला किंमत आहे, तो माझा माणूस आहे. आणि हा बाजूला उभा राहून ऐकायचा. एकदा तरी म्हणायचं, ग्लेनिस, तसं नाहीये. मला मूर्ख बनू दिलं. वर मी त्याची नखं घासली.

संध्याकाळी ॲलिस्टेअरकडे गेले. तक्रार मागे घ्यायची आहे म्हटलं. त्याने मान हलवली. ‘लेखी द्या, मॅडम. सहा ते आठ आठवडे लागतील.’

‘तक्रार एका दिवसात गेली!’

‘तक्रारीला प्राधान्य असतं, मॅडम. माघार नेहमीच्या रांगेतून जाते.’

त्याला म्हटलं, त्या रांगेत तुझा नवा सूटही उभा कर. लेखी मात्र दिलं, खरं कारण लिहून: त्याने चढ नको म्हणून बजावलं होतं, मी ऐकलं नाही.

१५ सप्टेंबर, न्यूकॅसल

घरी. मुलाला, क्रेगला, फोन केला. ‘गॅरेजमध्ये बाबाचं एक खोकं असेल. गाडीचा पंप असेल त्यात.’

‘विला असं लिहिलेलं?’

‘हो, तेच असेल.’

‘आई, ते तर मार्चमध्ये टाकलं. मी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, तो सगळा कचरा माझ्या डोळ्यांसमोरून ने.’

म्हणाले होते. शब्दन् शब्द आठवतोय. मी त्याच्यावर ओरडले, आणि त्याने ऐकून घेतलं, त्यामुळे आणखी ओरडले.

मग सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या म्हाताऱ्याला गाडीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, ‘डेसच्या बेटावरच्या गाडीचा? तो तर जानेवारीतच घेऊन गेला. इंजिन कसं चाललंय आता?’ म्हणजे दुकानदाराला माहीत. बायकोला नाही. पंप चार दिवसांनी येईल म्हणाला. विमानाचं तिकीट काढलं. जहाजाने नाही. दोन दिवसांसाठी मला कोणाचे गुण नकोत.

२५ सप्टेंबर, पोर्ट विला

जहाजाचा दिवस नव्हता, फाटक बंद. कालमेट कुठे राहतो हे मला माहीतच नाही, असं तिथे उभी राहिल्यावर लक्षात आलं. अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बाजारात रताळी विकणाऱ्या एका बाईला विचारलं, ‘कालमेट, गाडीवाला?’ तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘तक्रारवाली मिसेस का तू?’ मी हो म्हटलं. तिने भाच्याला माझ्याबरोबर धाडलं, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आंब्याखाली गाडी उभी होती, झाकण उघडं, पंपाची जागा रिकामी. कालमेट बाहेर आला. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. तक्रार मी केली, मागे घेतलीय, वेळ लागेल, चूक माझी. एका दमात बोलले आणि पंपाचं खोकं पुढे केलं.

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘पत्राखाली तुझं नाव होतं. धक्क्यावरच्यांनी वाचून दाखवलं.’

‘मग तू का नाही काही बोललास त्यांना?’

‘म्हटलं, पापा डेस आला की तो बोलेल. त्यांना तेच सांगितलंय मी. थांबा म्हटलं, तो आला की सगळं सरळ होईल.’ आणि परत माझ्या मागे, रस्त्याकडे बघितलं. ‘हॉटेलवर आहे का?’

‘तो गेला,’ मी म्हटलं. ‘फेब्रुवारीत. झोपेत.’

हे मी कोणालाच तोंडाने सांगितलं नव्हतं. सगळ्यांना क्रेगने फोन केले होते.

कालमेटने खोकं जमिनीवर ठेवलं. मग मला वाटलं मारतोय की काय. असा ओरडला. ‘फेब्रुवारीत? आणि तू मला आला नाही म्हणालीस? फाटकाशी? मी दोनदा विचारलं तुला! बिल्ला घेतलास, घे. उद्या गाडी घे. पण माणूस मेला आणि तू मला सांगितलं नाहीस? सात महिने मी इथे हसतोय, जेवतोय, दाढी करतोय! दहा दिवसांचं जेवण नाही केलं त्याचं, शंभर दिवसांचं नाही केलं. तो कोण होता माझा हे तुला माहीत होतं का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मला माहीत नव्हतं.’

तो गाडीकडे तोंड करून उभा राहिला. आतून त्याची बायको धावत आली, लेइमारा. तिला त्याने त्यांच्या भाषेत दोन शब्द सांगितले. तिने तिथेच गळा काढला. इतक्या मोठ्याने की कुंपणापलीकडून बायका आल्या, म्हातारी सासू आली, चटई अंथरली आणि सगळ्या बसून रडायला लागल्या. नाव घेऊन. पापा डेस, पापा डेस. त्याने कुठला दिवा लावून दिला होता, कुठल्या पोराची सायकल नीट केली होती, ते सगळं रडत रडत सांगत होत्या. मला एकही गोष्ट ठाऊक नव्हती.

मला भयंकर राग आला. माझा नवरा, आणि रडताहेत या. सात महिन्यांत मी असं एकदाही रडले नव्हते. कोणी यांना एवढा अधिकार दिला? मी पर्स उचलली आणि निघायला वळले.

लेइमाराने रडता रडताच माझं मनगट धरलं आणि मला चटईवर खाली ओढलं.

‘कुठे निघालीस?’ ती म्हणाली. ‘माणूस तुझं गेलंय.’